मदत हवी आहे: बेंजामिन ब्रिटनच्या मैफलीआधी मुलांना काय ऐकवू?

मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये इप्सविचजवळ राहतो. पुढच्या आठवड्यात इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनची गाणी आणि ऑपेरातल्या प्रवेशांची सहकुटुंब मैफल आहे. ब्रिटन इथलाच, सफोकमधल्या लोस्टॉफ्टचा. मुलं सात आणि दहा वर्षांची, कान भावगीतांना सरावलेले.

सुरुवात ‘नोयेज फ्लड’ने (१९५८), म्हणजे बायबलमधल्या नोआच्या महापुरावरच्या त्याच्या ऑपेराने केली. त्यात पावसाचे पहिले थेंब म्हणून दोरीला टांगलेले चहाचे मग लाकडी चमच्यांनी वाजवतात. लेकीने लगेच आमचे मग काढले! ‘द लिटल स्वीप’ या त्याच्या मुलांसाठीच्या ऑपेरात तर चार गाणी प्रेक्षकांनीच गायची असतात. ती आधी शिकवून ठेवू का?

‘पीटर ग्राइम्स’ या कोळ्यावरच्या ऑपेरातलं वादळ मला अतिशय आवडतं. पण त्यातले, त्या कोळ्याच्या हाताखाली काम शिकणाऱ्या पोरांचे मृत्यू धाकटीला कसे सांगायचे? कुणी मुलांना नेलं असेल तर कृपया कळवा.