मदत हवी आहे: लॅब्रेडॉरच्या पोटात रक्तस्राव, पाणथरीवर गाठ, कर्करोगाची शक्यता कशी जोखावी? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आमचा बंड्या १० वर्षांचा, ३४ किलो वजनाचा लॅब्रेडॉर आहे. काल सकाळी उपवन तलावावरून परतताना तो रस्त्यातच बसला आणि काही केल्या उठेना. ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. सोनोग्राफीत पोटात साठलेले रक्त आणि पाणथरीवर लिंबाएवढी गाठ दिसली. डॉक्टरांनी पोटातून सुईने काढलेले रक्त नळीत ठेवले, पण ते गोठले नाही. पोटात झिरपून साठलेल्या रक्ताचे असेच होते, असे त्यांनी समजावले. बंड्याला कुठे मार लागलेला नाही, उंदराचे औषधही त्याने खाल्लेले नाही. सलाइनवर तो सध्या स्थिर आहे, पण शस्त्रक्रिया करायची की नाही, हे आम्हाला उद्या सकाळपर्यंत सांगायचे आहे.

पाणथरीवरच्या गाठींपैकी दोन तृतीयांश कर्करोगाच्या आणि त्यांतल्या दोन तृतीयांश हिमँजिओसार्कोमाच्या (रक्तवाहिन्यांच्या पेशींपासून होणारा कर्करोग), असा ढोबळ नियम डॉक्टरांनी सांगितला. गाठ साध्या रक्ताची निघाली, तर पाणथरी काढल्यावर कुत्रा पूर्ण बरा होतो. हिमँजिओसार्कोमा निघाला, तर नुसत्या शस्त्रक्रियेने साधारण एक ते तीन महिने मिळतात आणि केमोथेरपीने त्यात थोडीच भर पडते. नक्की काय ते मात्र काढलेल्या गाठीच्या बायोप्सीनंतरच कळते, कारण सुईने गाठीचा नमुना घेतला तर हाती बहुतेक रक्तच लागते आणि पुन्हा रक्तस्राव सुरू होण्याचा धोका असतो.

काल रात्री वाचताना २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'हेल्प स्कोअर'ची माहिती मिळाली. वजन, रक्तातील एकूण प्रथिने, प्लेटलेट आणि छातीचा एक्स-रे या चार गोष्टींवरून हिमँजिओसार्कोमाची शक्यता कमी, मध्यम की जास्त, हे त्यात ठरवतात. बंड्याच्या रक्ताचे अहवाल आले आहेत, एक्स-रे आज दुपारी आहे. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणाच्या डॉक्टरांनी हा स्कोअर काढून सल्ला दिला आहे का? स्कोअर जास्त येऊनही गाठ साधी निघाली, असे कोणाच्या बाबतीत घडले का? माझी अडचण नेमकी हीच आहे की शक्यता शंभर कुत्र्यांची असते आणि मला निर्णय एकाच कुत्र्याचा घ्यायचा आहे. हृदयाच्या उजव्या कप्प्यातही अशी गाठ असू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधी कोणी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला होता का, हेही कृपया सांगावे.

आई म्हणते, त्याला उगाच चिरफाडीत घालू नका. तिचे म्हणणे मला पटते. पण गाठ साधी असताना आपण त्याला जाऊ दिले, असे नंतर कळले तर तेही सहन होणार नाही.

आणखी एक विनंती. शस्त्रक्रिया ठरल्यास रक्त लागू शकते. घोडबंदर रोड, कळवा किंवा ऐरोलीच्या बाजूला २५ किलोंहून अधिक वजनाचा, तरुण, निरोगी आणि लसीकरण पूर्ण झालेला कुत्रा कोणाकडे असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. एक्स-रेचा अहवाल हाती येताच रक्ताच्या आकड्यांसह येथे टाकते.