भावनांबद्दल इंग्रजीत बोलताना: फिगर आउट, वर्क थ्रू की सॉर्ट आउट?

शब्दवेडी: समुपदेशन इंग्रजीतून असेल तर 'आय अंडरस्टँड माय फीलिंग्ज'च्या पुढे गाडी सरकत नाही. शीर्षकातले तिन्ही कुठे कुठे वापरायचे? आणि 'इट' मध्ये घालायचं की शेवटी?

पारावरचा: नेमकं काय वाटतंय, का वाटतंय हेच उमजत नसेल तर 'फिगर आउट': 'आय कान्ट फिगर आउट व्हाय आय ॲम सो अँग्री.' इथे 'व्हाय ॲम आय' नको. शाळेत 'व्हाय' म्हटलं की प्रश्नाचीच रचना घोटून घेतात, म्हणून हे हमखास चुकतं. काय वाटतंय ते कळलंय, पण पचायला वेळ लागतोय, तेव्हा 'वर्क थ्रू': 'आय ॲम स्टिल वर्किंग थ्रू माय ग्रीफ.' मनातला गुंता सोडवायला 'सॉर्ट आउट' चालेल, पण कुणी गेल्याच्या दुःखाला ते लावू नका, कोरडं वाटतं.

रेघोट्या: 'फिगर इट आउट', 'सॉर्ट इट आउट', 'बॉटल इट अप' (मनात कोंडून ठेवणं) यांत 'इट' मध्येच येतं, 'फिगर आउट इट' साफ चूक. 'इट'ऐवजी नाम असेल तर दोन्ही चालतं: 'बॉटल अप युअर अँगर' किंवा 'बॉटल युअर अँगर अप'. 'वर्क थ्रू इट', 'गेट ओव्हर इट', 'ड्वेल ऑन इट' मात्र फुटत नाहीत. शंका आली तर शब्दकोशात 'समथिंग' कुठे छापलंय ते बघा, 'इट'ची जागा तीच.

'ब्रेक डाउन' जपून वापरा. 'आय ब्रोक डाउन' म्हणजे रडू कोसळलं. 'आय ब्रोक इट डाउन' म्हणजे एकेक भाग सुटा करून पाहिला.

पारावरचा: 'ओपन अप'पुढे माणसाला 'टू' आणि विषयाला 'अबाउट': 'शी ओपन्ड अप टू मी अबाउट हर डिव्होर्स.' राग भलत्यावर निघाला तर 'आय टुक इट आउट ऑन माय सिस्टर'. 'ऑन' गाळलंत तर नुसतं काहीतरी बाहेर काढलं असं होईल. आणि दुखावलेल्या माणसाला 'गेट ओव्हर इट' कधीही म्हणू नका. 'पुरे झालं आता' असं झिडकारल्यासारखं लागतं.

शब्दवेडी: मग 'आय हॅव बीन बॉटलिंग इट अप सिन्स टू मंथ्स' बरोबर ना?

रेघोट्या: 'इट' बरोबर बसलंय. फक्त 'फॉर टू मंथ्स' करा. 'सिन्स'ला सुरुवातीचा क्षण लागतो: 'सिन्स दिवाळी'.