मदत हवी आहे: ३१ अंशांवर क्रोमिस माशाच्या ऑक्सिजन-मापनात जिवाणूंची भर

हिरव्या क्रोमिसचा विश्रांतीतला ऑक्सिजन-वापर २८ आणि ३१ अंश सेल्सिअसला मोजायचा आहे. मासा साधारण ४ ग्रॅमचा, कक्ष नळ्यांसह १२० मिली. २४ तास उपाशी ठेवून रात्रभर मापन. चक्र असं: ५ मिनिटं ताजं पाणी, १ मिनिट थांबा, ९ मिनिटं बंद. पाण्यातल्या ऑक्सिजनची संपृक्तता ८० टक्क्यांखाली जाऊ देत नाही.

२८ ला सगळं ठीक. ३१ ला मात्र सकाळी मासा काढल्यावर रिकामा कक्षही भराभर ऑक्सिजन खातो, म्हणजे तो वापर जिवाणूंचा. सुरुवातीचं आणि शेवटचं रिकामं मापन सरळ रेषेने जोडून वजा केलं, तर खरी अडचण सुरू होते. जिवाणू घातांकी वाढतात, म्हणजे आधी हळू आणि शेवटी झपाट्याने, त्यामुळे मधल्या तासांत वजाबाकी जास्त होते. क्रोमिस दिवसा वावरणारा मासा, त्याची सर्वांत कमी मूल्यं नेमकी त्याच तासांत येतात. म्हणजे विश्रांतीचा खर्च कमी दिसतो, कमाल आणि विश्रांतीतला ऑक्सिजन-वापर यांतला फरक फुगतो, आणि तापमानवाढीचा जो परिणाम शोधायचा तोच झाकला जातो!

टाकीला यूव्ही दिवा आहे, पण माझ्या मते जिवाणूंचा थर सिलिकॉन नळ्यांत साचतो. प्रतिजैविकं नकोत, माशाच्या आतड्यातले जिवाणूही मरतील.

दोन प्रश्न. शेजारी रिकामा कक्ष समांतर चालवला तर पुरेल का? त्यात माशाची विष्ठा नसते, मग जिवाणूही कमीच वाढणार. आणि दोन मापनांमध्ये नळ्या ब्लीचने धुताना प्रमाण किती, वेळ किती, नंतर उरलेलं क्लोरीन निष्प्रभ करायला थायोसल्फेट किती वापरता?