कांद्याच्या मुळात १६ गुणसूत्रे दिसत का नाहीत?

प्रश्न (अकरावी_विज्ञान): मुळाचा तुकडा अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवला. सगळीकडे नुसती गोल केंद्रकेच दिसतात. गुणसूत्रे गेली कुठे?

सूक्ष्मदर्शी: गेली नाहीत, केंद्रकातच आहेत. पेशी विभाजत नसते तेव्हा ती लांब, बारीक धाग्यांसारखी पसरलेली असतात, म्हणून सुटी दिसत नाहीत. तुम्ही तुकडा बहुधा वरचा घेतलात. विभाजन टोकाशी चालते, फक्त शेवटचे २-३ मिमी घ्या. १ भाग अ‍ॅसेटिक आम्ल आणि ३ भाग अल्कोहोल या मिश्रणात २४ तास ठेवा. मग १ नॉर्मल (हे तीव्रतेचे माप) हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर ५-१० मिनिटे. ही पायरी टाळली की पेशी एकमेकींना चिकटून राहतात आणि थरावर थर दिसतो. रंगवल्यावर कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. काच जराही सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात.

पेशीवेडा: मोजायची तर मध्यावस्थेतली (गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत आलेली) पेशी शोधा, तिथे १६ मिळतील. पश्चावस्थेत (प्रत्येक गुणसूत्राचे दोन भाग सुटून विरुद्ध टोकांकडे जातात तेव्हा) प्रत्येक टोकाकडे १६, म्हणजे एकूण ३२ दिसतात. तिथे बरेच जण फसतात.

अकरावी_विज्ञान: मग माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ असतातच ना?

सूक्ष्मदर्शी: नाही. शुक्राणू आणि अंडपेशीत २३. परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रकच नसते, त्यामुळे शून्य. यकृताच्या काही पेशींत मात्र दुप्पट, ९२.

पेशीवेडा: कांद्याच्या परागकणातही निम्मीच, प्रत्येक केंद्रकात ८.