रनिंगमधून (गाडी चालवण्याच्या कामातून) ऑफिसात जाताना सिनियॉरिटी आणि प्रमोशनचं काय होतं?

स्वाती_रामवाडी

नमस्कार. माझे मिस्टर रेल्वेत सीनियर असिस्टंट लोको पायलट आहेत, २०१३ ला लागलेले. आम्ही सोलापुरात रामवाडीला राहतो. यंदाच्या पीएमईत (ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत) त्यांना काचबिंदू निघाला. प्रेशर थेंबांवर आटोक्यात आहे, पण कडेचं दिसणं कमी झालंय. त्यामुळे ए-वनमधून (इंजिन चालवणाऱ्यांच्या मेडिकल वर्गातून) कायमचे अनफिट, आणि ऑफिसच्या कामाला फिट, असा मेडिकलचा शेरा आला आहे.

इंजिन सुटलं याचं दुःख ते बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या बॅचमधल्या काहींची लोको पायलट गुड्सची ऑर्डर निघाली, त्या सगळ्यांना त्यांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं. मला मात्र पुढचं दिसतंय. मायलेज (गाडी चालवण्याचा भत्ता) बंद होणार. जुळे सोलापूरच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, मुलगी आठवीत आहे. आणि नोकरीची अजून वीस-बावीस वर्षं शिल्लक आहेत. तेवढी वर्षं एकाच खुर्चीत काढायची का, हा माझा खरा प्रश्न आहे.

ओळखीचे एक जण म्हणायलेत, "स्क्रीनिंग कमिटीची (पर्यायी जागा सुचवणाऱ्या समितीची) वाट कशाला बघता? स्वतःच्या विनंतीवरून कॅटेगरी चेंज हवी असा अर्ज द्या, मनासारखी जागा लवकर मिळेल." दुसरे म्हणायलेत, "क्लार्कमध्ये गेलात की यादीत शेवटचा नंबर, काल लागलेली पोरं तुमच्या वर." दोघंही रेल्वेतलेच आहेत. खरं काय धरायचं? आधीची सेवा प्रमोशनला धरतात की नाही? ज्यांना कागद माहीत आहेत त्यांनी कृपया सांगा.

निवृत्त_कार्मिक

वहिनी, पहिली गोष्ट, तो विनंती अर्ज देऊ नका. मिस्टरांना आजच सांगा.

मी कार्मिक शाखेतून मुख्य कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. सिनियॉरिटी लिस्ट लावणं आणि तिच्यावरच्या हरकती वाचणं हेच माझं काम होतं. माणूस दुसऱ्या संवर्गात (पदांच्या गटात) का गेला, हे ऑर्डरवर ज्या शब्दांत लिहिलेलं असतं त्यावर त्याची जागा ठरते. रेल्वेच्या एस्टॅब्लिशमेंट मॅन्युअलमध्ये (सेवेच्या नियमांच्या पुस्तकात) प्रत्येक कारणाला वेगळा परिच्छेद आहे. प्रशासनाने आपल्या गरजेसाठी हलवलं तर ३११, त्यात त्या ग्रेडमधली जुनी तारीख टिकते. म्युच्युअल (दोघांची आपसांत अदलाबदल) असेल तर ३१०, दोघांपैकी ज्याची सिनियॉरिटी खालची ती मिळते. स्वतःच्या विनंतीवरून गेलात तर ३१२, म्हणजे नव्या ठिकाणी त्या ग्रेडमध्ये आधीपासून असलेल्या सगळ्यांच्या खाली. तुमचे दुसरे परिचित जे सांगतायत ते ३१२ चं आहे. तुमच्या मिस्टरांना ते लागूच होत नाही, फक्त त्यांनी स्वतःच्या हाताने "विनंतीवरून" असं लिहून दिलं नाही म्हणजे झालं.

मेडिकल डीकॅटला (तब्येतीमुळे मूळ कामाला अनफिट ठरलेल्यांना) १३ वं प्रकरण आहे, आणि त्यातला १३१० हा परिच्छेद तुमचा आहे. त्याचा अर्थ असा की, ज्या ग्रेडमध्ये सामावून घेतील त्या ग्रेडमध्ये, आधीच्या समकक्ष ग्रेडमध्ये जेवढी सेवा झाली तेवढी धरून सिनियॉरिटी द्यायची. पगार किती ठरला याचा त्याच्याशी संबंध नाही. एकच अट आहे. ज्या संवर्गातून आधी बढती घेऊन बाहेर पडला होता त्याच संवर्गात परत आला, तर तिथल्या आपल्या जुन्या सीनियरच्या वर बसता येत नाही. मिस्टर थेट भरतीचे असतील तर तो प्रश्नच येत नाही.

आता खरी मेख सांगतो. सगळी भांडणं "समकक्ष" या शब्दावर होतात. सीनियर एएलपी (असिस्टंट लोको पायलट) पगाराच्या लेव्हल ४ ला. क्लार्कमध्ये कनिष्ठ लिपिक लेव्हल २, वरिष्ठ लिपिक लेव्हल ५, मध्ये काही नाही. शिवाय रनिंग स्टाफचा ग्रेड ठरवताना मूळ वेतनात ३० टक्के मिळवून बघायचं असतं, कारण मायलेजचा तेवढा भाग पगारच मानला जातो. तेव्हा कनिष्ठ लिपिकाची जागा पुढे आली तर तोंडी तक्रार करत बसू नका. ३० टक्क्यांचा हिशेब मांडून लेखी हरकत द्या, आणि पोच घ्या. योग्य जागा मिळेपर्यंत त्यांना आहे त्याच ग्रेडमध्ये सुपरन्युमररी (जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवावं लागतं. म्हणजे घाईचं कारण तुमच्या बाजूला नाही.

याच्या मागे कायदाही आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २०. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दा खाली आणता येत नाही, दुसऱ्या पदावर नेलं तर वेतनश्रेणी आणि सेवेचे लाभ तेच राहतात. केवळ दिव्यांगत्वामुळे बढती नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यातही असंच कलम होतं. ड्यूटीवरच्या दुखापतीमुळे पाय गमावलेल्या कुणाल सिंह या कॉन्स्टेबलच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये ते ठामपणे लागू केलं. कलम २० लावायचं तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हाताशी हवं. सिव्हिल हॉस्पिटलमधून डोळ्यांची तपासणी करून घ्या.

बढती मिळेलच असं कोणतंही कोर्ट सांगत नाही. पण पात्र असताना बढतीसाठी विचार होणं हा मूलभूत हक्क आहे, हे १९९९ च्या अजित सिंह निकालात स्पष्ट आहे. सिनियॉरिटी चुकीची लागली की तो विचारच होत नाही, नाव झोनमध्येच (बढतीसाठी विचारात घ्यायच्या नावांत) येत नाही. म्हणून मी एवढं जीव तोडून सांगतोय.

कुर्डुवाडीचा_ट्रॅकमन

मी ३१२ वाला आहे, म्हणून माझं लिहितो. ट्रॅक मेंटेनर होतो. वडील अंथरुणाला खिळले, घरी दुसरं कोणी नाही, म्हणून विनंती करून वर्कशॉपला हेल्पर झालो. बॉटम सिनियॉरिटी मान्य असल्याचं लिहून दिलं आणि माझ्यानंतर लागलेले माझ्या वर गेले. मला ते कळत होतं आणि तरी तेच करायचं होतं.

पण एक गोष्ट लोक सरसकट चुकीची सांगतात. नंबर शेवटचा म्हणजे जुनी सेवा शून्य, असं नाही. ट्रेड टेस्टला (बढतीसाठीच्या कामाच्या परीक्षेला) बसायला जेवढी वर्षं लागतात त्यात माझी गँगमधली (ट्रॅकवरची) सेवा धरली. एमएसीपीचं (बढती नसली तरी १०, २०, ३० वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या लेव्हलचं) १०-२०-३० सुद्धा लेव्हल तीच असल्यामुळे पहिल्या दिवसापासून चालू राहिलं. सुप्रीम कोर्टाचा रेणू मलिकचा निकाल आहे १९९४ चा. सिनियॉरिटी गेली तरी पात्रतेसाठी आधीची सेवा मोजायची, असं त्यात आहे. विनंतीवर जाणाऱ्या पोरांनी हा निकाल जवळ ठेवावा.

विजापूर_रोड

एवढं करून नाही ऐकलं तर कोल्हापूरला जा. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच तिथं चालू झालंय, सोलापूर जिल्हा त्यातच येतो. मुंबईची चक्कर वाचेल.

निवृत्त_कार्मिक

रेल्वे कर्मचाऱ्याला थेट तिथे जाता येत नाही. आधी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट, आणि आपल्याला त्याचं मुंबई खंडपीठ. त्याच्या निकालाविरुद्ध मग हायकोर्ट. १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून हाच क्रम आहे. मुदतही ध्यानात ठेवा. ऑर्डर निघाल्यापासून एक वर्ष. अपील किंवा निवेदन दिलं आणि सहा महिने उत्तर आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. निवेदनांवर निवेदनं देत राहिलात म्हणून मुदत वाढत नाही. चांगल्या केसेस याच कारणाने गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

स्वाती_रामवाडी

काका, तुमचं उत्तर मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ज टाईप करून ठेवला होता, तो दिला नाही. ते म्हणतात, लॉबीत (ड्रायव्हर-गार्ड ड्यूटीला हजर होतात तिथे) क्रू कंट्रोलरचं (त्यांच्या ड्यूट्या लावायचं) काम मिळालं तर बरं होईल, गाड्या आणि माणसं ओळखीची आहेत. तसं कमिटीला सांगितलं तर ती "विनंती" धरतील का?

निवृत्त_कार्मिक

नाही धरणार, फक्त शब्द नीट हवेत. "वैद्यकीय कारणामुळे १३ व्या प्रकरणानुसार पर्यायी पदावर सामावून घेताना माझ्या अनुभवाचा विचार व्हावा" असं लिहा आणि खाली लॉबीतल्या कामाचा उल्लेख करा. "विनंती", "स्वेच्छा", "कॅटेगरी चेंज" हे शब्द कुठेच नकोत. मेडिकलच्या शेऱ्याची प्रत सोबत लावा. ऑर्डर आली की त्यात १३१० चा उल्लेख आहे का ते बघा, आणि नसेल तर इथे कळवा. दुरुस्तीच्या पत्राचा मसुदा मी करून देतो.