समृद्धीच्या बाजूनं गॅसची पाइपलाइन टाकली, मग नागपूरला गॅसवरचं वीजकेंद्र काहून नाही?

कोराडीरोडवाला:
भाऊ लोकांनो, कोराडीत कोळशावरचे 660 मेगावॅटचे तीन युनिट आधीच आहेत, खापरखेडा बाजूलाच, तिकडे मौदा, अन् आता कोराडीत अजून 660 चे दोन आणायचं चालू आहे. राख आपल्याच वाट्याला. गेल या सरकारी गॅस कंपनीची मुंबई-नागपूर-झारसुगुडा पाइपलाइन समृद्धीच्या बाजूनं टाकली ना, तर कोळशाऐवजी गॅसचं केंद्र काहून नाही करत? ज्याले माहीत आहे त्यानं नीट समजावून सांगा, घरी लहान पोरगी आहे, मले या गोष्टीचं खरंच टेन्शन आहे.

टर्बाइनहॉल:
चांगला प्रश्न आहे. राख नाही, सल्फर नावालाच, पाणी बरंच कमी, आणि विजेच्या दर युनिटमागे कार्बन कोळशाच्या साधारण निम्मा, हे सगळं खरं आहे. मुंबईजवळचं उरणचं गॅस केंद्र बघा, 108 मेगावॅटचे चार गॅस टर्बाइन आणि त्यांच्या मागे 120 चे दोन स्टीम टर्बाइन, एकूण 672. गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर पाचशे डिग्रीच्या आसपास तापलेला असतो, त्याच उष्णतेवर बॉयलर चालवून ते 240 मेगावॅट मिळतात, त्यासाठी वेगळा गॅस जाळावा लागत नाही. दुसरं म्हणजे गॅस टर्बाइन अर्ध्या तासाच्या आत वीज द्यायला लागतो, कोळशाचा थंड पडलेला बॉयलर पेटवायचा तर कित्येक तास जातात. संध्याकाळी सोलर उतरतं आणि घरोघरी कूलर-एसी चालूच असतात, तेव्हा ग्रिडला नेमकं हेच लागतं.

मेरिटऑर्डर:
सगळं बरोबर, पण गॅस आणणार कुठून? पाइप असला म्हणजे गॅस आला असं नाही होत. कोकणातलं दाभोळ बघा, 1967 मेगावॅटचा गॅसवरचा प्लांट, 2013 मध्ये केजी बेसिनचा (कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला) गॅस बंद झाला आणि प्लांट ठप्प, मग 2015 पासून रेल्वेसाठी थोडाफार चालवला. उरणलाही पुरेसा गॅस मिळत नाही. बाहेरून जहाजानं आणलेल्या एलएनजीवर (थंड करून द्रव केलेल्या गॅसवर) वीज बनवली तर ती कोळशापेक्षा खूपच महाग पडते, 2022 मध्ये युक्रेन युद्धानंतर भाव कुठे गेले होते आठवा. कोणत्या केंद्राची वीज घ्यायची ते ठरवणारं लोड डिस्पॅच सेंटर स्वस्त वीज आधी घेतं, म्हणजे तुमचं नागपूरचं गॅस केंद्र बांधूनही बहुतेक वेळ उभंच राहील आणि त्याचा फिक्स चार्ज (वीज घेतली नाही तरी द्यावा लागणारा खर्च) आपल्याच बिलात येईल.

कोराडीरोडवाला:
मग आम्ही राखच खात राहायचं का?

टर्बाइनहॉल:
नाही हो. माझं म्हणणं असं की गॅस केंद्र नागपुरात मागण्यापेक्षा उरणला पुरेसा गॅस मागा. चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघे अशी 752 किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) लाइन आहे, 1500 मेगावॅटची, तीच मुळात विदर्भातली वीज मुंबईकडे न्यायला बांधली. मुंबईच्या उशाशी जितकी वीज बनेल तितका आपल्याकडच्या कोळशावरचा भार कमी होऊ शकतो. आणि मुंबईलाही ते हवंच आहे, 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघे लाइन ट्रिप झाल्या आणि अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती, जवळ चालू असलेली वीज किती महत्त्वाची ते तेव्हाच कळलं. देशातच निघणाऱ्या गॅसचं वाटप दिल्लीत ठरतं, तेव्हा आपल्या खासदारांनी हा विषय तिथेच लावून धरायला पाहिजे, आणि निदान संध्याकाळी विजेची मागणी सगळ्यात जास्त असते तेवढ्या वेळेपुरता तरी गॅस मिळवायला पाहिजे.

खापरखेड्याहून:
दादा, उरणचं बरोबर आहे पण त्याले वर्षं लागतील. तोवर इथल्या चिमण्यांना सल्फर अडवणारं एफजीडी लावा, राखेचे ट्रक झाकून न्या अन् राखेच्या तलावाचे बांध पावसाळ्याच्या आधी तपासा, 2022 च्या जुलैत कोराडीचा खसाळ्याचा बांध फुटला तेव्हा शेतात राख पसरली होती. नवीन युनिट नंतर पाहू, आधी हे करा.