कांद्याच्या पट्टीवरून नफा-तोटा : याला चिकित्सक अध्यापन म्हणता येईल का?

प्रश्न (बी.एड. द्वितीय वर्ष, नाशिक)
नमस्कार. छात्रसेवाकालासाठी मला निफाड तालुक्यातील एक शाळा मिळाली आहे. सहावीला नफा-तोटा शिकवताना पुस्तकातील व्यापारी बाजूला ठेवून मी मुलांना घरून कांद्याच्या हिशेबपट्ट्या (बाजारात कांदा विकल्यावर शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या पावत्या) आणायला सांगितल्या. हमाली, तोलाई वजा जाता हातात किती पडले, हे मुलांनी झटपट काढले; अडले ते उत्पादनखर्चापाशी. बियाणे, खते, औषधे, लागवडीची मजुरी असे सारे फळ्यावर मांडून झाल्यावर एका मुलीने विचारले, "आईची मजुरी कुठे लिहायची? ती आमच्याच वावरात राबते." ती धरली तर बऱ्याच पट्ट्या तोट्यात जात होत्या आणि न धरली तर नफ्यात. मला उत्तर सुचले नाही. "ते सध्या सोडून द्या," असे म्हणून मी पुढचे उदाहरण घेतले. मार्गदर्शक शिक्षकांचा शेरा होता : "परिसराशी सांगड उत्तम." चिकित्सक अध्यापनाचा, म्हणजे मुलांना आपल्या परिस्थितीबद्दल प्रश्न विचारायला शिकवण्याचा, विचार मांडणारे ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे आम्हाला पाच गुणांची टीप म्हणून उतरवून दिले गेले, त्यामुळे विचारते, की हे चिकित्सक अध्यापन झाले का?

उत्तर १ (माध्यमिक शिक्षक, सिन्नर)
ताई, अर्धे झाले, आणि जिथे खरी सुरुवात होती तिथेच आपण थांबलात. शिक्षकाने ज्ञानाची ठेव ठेवायची आणि विद्यार्थ्याने ती सांभाळायची, या बँकेसारख्या शिक्षणावर फ्रेरे यांचा आक्षेप होता. व्यापाऱ्याच्या जागी शेतकरी आणल्याने ती ठेव ओळखीची होते, इतकेच. १९६३ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागातील आंजिकोस येथे सुमारे ३०० मजुरांना त्यांच्या पद्धतीने जेमतेम ४० तासांत लिहिता-वाचता येऊ लागले, ते मजुरांच्याच जगण्यातले शब्द निवडून, आधी त्यांवर चर्चा करून आणि मग अक्षरे फोडून. त्या काळी तिथे निरक्षरांना मतदानाचा हक्क नव्हता, म्हणजे साक्षर होणे हेच राजकीय कृत्य होते. १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेरे यांना आधी तुरुंगात आणि मग देशाबाहेर जावे लागले. आपल्या वर्गातला असा शब्द 'आईची मजुरी' हा होता. (शेऱ्याचे फार मनावर घेऊ नका, तसे शेरे मीही लिहिले आहेत.)

उत्तर २ (एम.एड., नाशिक रोड)
यासाठी ब्राझीलपर्यंत जाण्याची गरज नाही. सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील (ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढील) निवेदनात मांडले होते. कोणाचे श्रम हिशेबात धरायचे, हाच तोही प्रश्न होता.

उत्तर ३ (आश्रमशाळा शिक्षिका, सुरगाणा)
माझी शंका वेगळी आहे. माझ्या वर्गातील मुले घरी कोकणा बोलतात. पहिल्या वर्षी मी प्रमाण मराठीत मोठमोठे प्रश्न विचारले आणि मुले गप्प राहिली, तेव्हा मी त्याला दबलेपण समजले. वास्तविक त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. शिक्षकाच्या चांगल्या हेतूतही कोणीतरी बाहेर राहून जाते, हे त्यानंतर मी तपासू लागले. म्हणून विचारते : ज्यांच्या घरी पट्टी येतच नाही, अशी मुले आपल्या वर्गात किती होती?

प्रश्नकर्ती
चार. आपण विचारल्यावर हजेरीपट उघडून पाहिला. त्या दिवशी ती मुले शेजाऱ्याच्या पट्टीवरून गणित उतरवत होती आणि मी त्याला 'गटकार्य' समजले. त्यांच्या आया दुसऱ्यांच्या वावरात लागवडीला जातात, म्हणजे त्यांची मजुरी फळ्यावर होती, पण खर्चाच्या रकान्यात. जिच्या आईची मजुरी धरायची की नाही हे ठरत नव्हते आणि ज्यांच्या आयांची मजुरी खर्च म्हणून आधीच धरली होती, ती मुले एकाच बाकावर बसतात. सोमवारी तोच हिशेब पुन्हा फळ्यावर मांडणार आहे. मात्र या चौघांना सर्वांसमोर न आणता तो कसा मांडावा, हे अजून ठरलेले नाही. कोणी असे केले असल्यास कृपया लिहावे.